बॉस्टनचे चाहते बॉस्टनच्याच पत्रकाराला का मानत नाहीत?

12 ऑक्टोबर 2011 रोजी 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकात रेड सॉक्स या बेसबॉल टीमविषयी एक मोठी बातमी छापून आली. आदल्या महिन्यात टीमची पार धूळधाण उडाली होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, शर्यतीत तिच्याकडे 9 सामन्यांची आघाडी होती. त्या महिन्यात 27 पैकी 20 सामने हरून टीमने ती सगळी घालवली आणि हंगामाच्या शेवटच्या रात्री ती बाहेर पडली. दोनच दिवसांत मॅनेजर टेरी फ्रँकोनाला जावं लागलं. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा कोच. कोण खेळणार आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कधी बदलायचा, हे तोच ठरवतो.

पडझड का झाली, हे ती बातमी सांगत होती. जॉश बेकेट, जॉन लेस्टर आणि जॉन लॅकी हे तीन मुख्य पिचर, ज्या दिवशी आपली पाळी नसेल त्या दिवशी, सामना चालू असताना आत क्लबहाउसमध्ये, म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये, बसून बिअर पितात, तळलेलं चिकन खातात आणि व्हिडिओ गेम खेळतात, असं त्यात म्हटलं होतं. अशा पिचरची पाळी साधारण पाच दिवसांतून एकदा येते. उरलेले दिवस त्याने मैदानाकडेच्या डगआउटमध्ये सहकाऱ्यांबरोबर बसावं, ही साधी अपेक्षा असते. पण बातमी इथे थांबली नव्हती. फ्रँकोनाच्या लग्नात आलेल्या अडचणी आणि तो घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे त्याचं कामावरचं लक्ष उडालं होतं की काय, अशी शंका टीममधल्या काहींना होती, हेही छापलं होतं. शंका घेणाऱ्यांची नावं कुठेच नव्हती. गोळ्यांचा कामावर परिणाम झाला, हे फ्रँकोनाने साफ नाकारलं.

एकाच बातमीच्या या दोन भागांना चाहत्यांनी अगदी वेगवेगळं वागवलं. चिकन-बिअरचा भाग त्यांनी लगेच खरा मानला आणि पिचरांवर तोंडसुख घेतलं. फ्रँकोनाबद्दलचा भाग वाचून मात्र ते बातमीवरच उलटले. याच माणसाच्या हाताखाली टीमने 2004 मध्ये 86 वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली होती, 2007 मध्ये पुन्हा जिंकली होती. त्याला घालवलं ते घालवलं, वर त्याची अशी बदनामी? ही बातमी मालकांनीच पेरली, असं चाहते उघड बोलू लागले. त्यांच्या संशयाला एक आधारही होता. 'ग्लोब' तेव्हा न्यूयॉर्क टाइम्स कंपनीच्या मालकीचा होता आणि रेड सॉक्समध्ये त्याच कंपनीची भागीदारी होती. दोन दिवसांनी मुख्य मालक जॉन हेन्री आगाऊ न कळवता एका स्पोर्ट्स रेडिओच्या स्टुडिओत थडकले आणि थेट प्रक्षेपणात बसून त्यांनी हा आरोप फेटाळला. चाहत्यांचं समाधान झालं नाही.

चाहते टीका करणाऱ्या पत्रकारावर अविश्वास का दाखवतात, हे समजून घ्यायला हा प्रसंग फार उपयोगी आहे, कारण त्यात सगळे धागे एकत्र आलेत. चाहत्याचं मन आहे, पत्रकाराचं काम आहे, नाव न सांगता बोलणारी माणसं आहेत आणि मालकाचा पैसा आहे. बहुतेक वेळा या चारही गोष्टींचा राग एकाच माणसावर निघतो, ज्याचं नाव लेखावर छापलेलं असतं त्याच्यावर. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. चाहत्यांचा अविश्वास अनेकदा योग्य असतो, पण तो चुकीच्या जागी खर्च होतो. लेखकाची भाषा किती कडवट आहे, यावर ते चिडतात. त्याला माहिती कुणी दिली आणि का दिली, हे विचारायचं राहून जातं.

रोजचा बातमीदार आणि स्तंभलेखक

मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतली प्रत्येक टीम नियमित हंगामात 162 सामने खेळते. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जवळजवळ रोज सामना. वर्तमानपत्राचा रोजचा बातमीदार टीमबरोबर गावोगाव फिरतो. सामन्याआधी ठरावीक वेळ आणि सामना संपल्यावर थोड्या वेळाने क्लबहाउसचं दार पत्रकारांसाठी उघडतं. खेळाडू कपडे बदलत असतात, कुणी पायाला बर्फ बांधून बसलेला असतो, आणि पत्रकार टेप रेकॉर्डर घेऊन त्यांच्या लॉकरपाशी उभे असतात. क्रिकेट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नवल वाटेल, कारण आपल्याकडे ड्रेसिंग रूममध्ये पत्रकाराला पाऊल टाकता येत नाही. कोविडच्या काळात बेसबॉलमध्येही हे दार बंद झालं होतं, 2022 मध्ये ते पुन्हा उघडलं.

रोज त्याच खोलीत जाणाऱ्या माणसाला एक अडचण असते. आज ज्याच्याबद्दल वाईट लिहिलं, उद्या त्याच्याच लॉकरपाशी उभं राहायचं असतं. म्हणून रोजचा बातमीदार शब्द जपून वापरतो.

स्तंभलेखकाचं काम निराळं. त्याला मत मांडण्याचेच पैसे मिळतात. तो रोज येत नाही. आज बेसबॉल, उद्या बास्केटबॉल, परवा फुटबॉल असा फिरतो. तो बोचरं लिहितो आणि वर्तमानपत्राला ते हवंच असतं. चाहत्याच्या दृष्टीने मात्र दोघंही 'ग्लोबवाले'. बातमीदाराने तपासून लिहिलेली माहिती आणि स्तंभलेखकाने त्यावर केलेली शेरेबाजी एकाच पोत्यात जाते, आणि एकावरचा राग दुसऱ्यालाही भोवतो. निम्मा गैरसमज इथेच आहे.

डॅन शॉनेसी आणि शापाची गोष्ट

बॉस्टनमध्ये हा राग सगळ्यांत जास्त ज्यांच्या वाट्याला आला ते डॅन शॉनेसी. अनेक दशकं 'ग्लोब'मध्ये लिहिणारे हे स्तंभलेखक. 1990 मध्ये त्यांनी 'द कर्स ऑफ द बँबिनो' हे पुस्तक लिहिलं. रेड सॉक्सने बेब रूथ हा आपला सर्वांत मोठा खेळाडू न्यूयॉर्क यँकीजना विकून टाकला, हा सौदा जानेवारी 1920 मध्ये जाहीर झाला आणि तेव्हापासून टीमला शाप लागला, ही कल्पना त्या पुस्तकामुळे घराघरांत पोचली. 1918 नंतर रेड सॉक्सने वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती, हे खरंच होतं. पण पुस्तक आल्यावर टीम दर वेळी हरली की टीव्हीवाले शापाची टेप वाजवायला लागले. आपल्या दुःखावर या माणसाने दुकान थाटलं, असं चाहत्यांना वाटायला लागलं. कार्ल एव्हरेट नावाच्या खेळाडूने शॉनेसींच्या कुरळ्या केसांवरून एकदा हेटाळणी केली होती. चाहत्यांनी तीच उचलून त्यांचं टोपणनाव करून टाकलं.

इथे चाहत्यांच्या बाजूने बोलायला हवं. शापाच्या गोष्टीने खरे प्रश्न झाकले गेले. टीमच्या जुन्या मालकांनी कुणाला घेतलं नाही, पैसे कुठे वाया घालवले, पिचिंग कमकुवत का राहिलं, याला कारणं होती आणि कारणांना माणसं जबाबदार होती. शाप म्हटलं की कुणीच जबाबदार उरत नाही. टीकाकार म्हणवणाऱ्याने टीकेची धार अशी घालवली, हा आक्षेप मला पटतो.

त्या गोष्टीची किंमत कुणी मोजली, तेही बघा. 25 ऑक्टोबर 1986 ला वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात रेड सॉक्सच्या बिल बकनरच्या पायांमधून एक सरपटी चेंडू निघून गेला आणि न्यूयॉर्क मेट्सनी तो सामना जिंकला. सामना त्याआधीच हातातून निसटत आला होता. मेट्सनी बरोबरी साधली होती, आणि त्यानंतर आणखी एक, सातवा सामना व्हायचाच होता. तरी पुढची अनेक वर्षं टीव्हीवर आणि पेपरात फक्त तो एक चेंडू फिरत राहिला. बकनर कुटुंबासह दूर आयडाहोत राहायला गेला. एप्रिल 2008 मध्ये फेनवे पार्क या रेड सॉक्सच्या मैदानावर मानाचा पहिला चेंडू टाकायला त्याला बोलावलं तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर पत्रकारांशी बोलताना तो म्हणाला की, आपल्याला माफ करावं लागलं ते चाहत्यांना नव्हे, प्रसारमाध्यमांना. आपल्यावर आणि आपल्या घरच्यांवर जे गुदरलं त्याबद्दल. समोर तेच लोक बसले होते.

बॉस्टनचा चाहता पेपर उघडतो तेव्हा हे सगळं त्याच्या मनात असतं.

टेड विल्यम्सच्या काळापासूनचं भांडण

हे वैर शॉनेसींपासून सुरू झालेलं नाही. टेड विल्यम्स हा रेड सॉक्सचा सर्वकाळचा थोर फलंदाज. 1941 मध्ये त्याने .406 ची सरासरी काढली, म्हणजे दर दहा संधींत चार वेळा तो यशस्वीपणे बेसवर पोचेल असा फटका मारत होता. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या दोन मुख्य लीगच्या पूर्ण हंगामात .400 च्या वर कुणी गेलेलं नाही. त्या काळात बॉस्टनमध्ये अनेक दैनिकं होती, सगळ्यांची एकमेकांशी चढाओढ होती, आणि चौकात पेपर खपवायला विल्यम्सचं नाव पुरत असे. डेव्ह ईगन हे तिथल्या लेखकांतले सर्वांत जहाल. विल्यम्स स्वतःपुरता खेळतो, मोठ्या सामन्यांत कामाला येत नाही, असं ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले.

विल्यम्सनेही राग कधी लपवला नाही. ऑगस्ट 1956 मध्ये तो प्रेक्षकांच्या आणि पत्रकारांच्या कक्षाच्या दिशेने थुंकला. मालकाने त्याला 5,000 डॉलरचा दंड केला. 28 सप्टेंबर 1960 ला कारकिर्दीतल्या शेवटच्या फलंदाजीत त्याने होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला, लोक त्याने टोपी काढून अभिवादन करावं म्हणून ओरडत राहिले, आणि तो मान खाली घालून आत गेला, टोपी त्याने काढलीच नाही.

त्याच्या आणि चाहत्यांच्या मनात सर्वांत खोल रुतलेली गोष्ट 1947 ची. त्या वर्षी विल्यम्सने सरासरी, होमरन आणि सहकाऱ्यांना धावा काढून देणं या तिन्ही यादींत पहिला नंबर पटकावला. तरी सर्वोत्तम खेळाडूचा मान यँकीजच्या जो डिमॅजियोला मिळाला, 202 विरुद्ध 201 गुणांनी. एका गुणाने. ही मतं पत्रकार देतात, आणि एका पत्रकाराने आपल्या दहा नावांच्या यादीत विल्यम्सला घेतलंच नव्हतं. विल्यम्सने त्याचं खापर 'ग्लोब'च्या मेल वेब यांच्यावर फोडलं. पुढे कित्येक वर्षं बॉस्टनमध्ये तेच सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात वेब यांना त्या वर्षी मतच नव्हतं.

वेब आणि विल्यम्स यांचं पटत नव्हतं, तेवढं पुरलं. 'हा आपल्याला पाण्यात पाहतो' असं एकदा ठरलं की पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही.

बेसबॉल रायटर्स असोसिएशन ही पत्रकारांची संघटना 1908 पासून आहे. हॉल ऑफ फेममध्ये कोण जाणार हेही मुख्यतः तिचे जुने सदस्य ठरवतात, त्यासाठी 75 टक्के मतं लागतात. खेळाडूवर टीका करणारा आणि त्याला अमर करायचं की नाही हे ठरवणारा एकच, ही रचना चाहत्यांच्या डोळ्यांत खुपते. जानेवारी 2022 च्या निवडीत रेड सॉक्सचा लाडका डेव्हिड ओर्टिझ पहिल्याच प्रयत्नात निवडून आला, पण शॉनेसींनी त्याला मत दिलं नव्हतं. त्यांनी फक्त जेफ केंट या एकाच खेळाडूला मत दिलं. 2003 च्या उत्तेजक चाचणीत ओर्टिझचं नाव आलं होतं असं वृत्त 2009 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. त्या चाचणीचे निकाल पूर्ण भरवशाचे नव्हते, असं लीगच्या आयुक्तांनी नंतर सांगितलं. शॉनेसींचा निर्णय मला चुकीचा वाटतो. पण त्यांनी तो स्वतःच्या नावाने, कारणं लिहून, सगळ्या शहराच्या तोंडावर घेतला. त्याला उत्तर देता येतं, वाद घालता येतो. माझ्या लेखी हे महत्त्वाचं आहे.

चाहत्याचा डोळा काय बघतो

आता थोडं मानसशास्त्र. 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा एक फार धसमुसळा सामना झाला. प्रिन्स्टनच्या मुख्य खेळाडूचं नाक फुटलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. ॲल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितलं. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले जेवढे नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले, त्याच्या दुप्पटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. 1954 मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. फिल्म एकच होती, पण आपल्या माणसांचे दोष डोळ्यांपुढून निसटत होते.

दुसरा प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठातला, 1985 मध्ये प्रसिद्ध झालेला. खेळाशी त्याचा संबंध नव्हता. 1982 च्या बैरुतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच. दोन्ही गटांनी ठासून सांगितलं की वार्तांकन आमच्या विरोधात झुकलेलं आहे. आणि ज्यांना विषयाची जास्त माहिती होती त्यांना तो पक्षपात आणखी जास्त दिसला. ही शेवटची गोष्ट खेळाच्या चाहत्यांना तंतोतंत लागू पडते. ज्याला दर पिचरचे आकडे पाठ असतात तोच पत्रकाराच्या लेखात काय वगळलं हे पटकन ओळखतो. त्याने पकडलेली उणीव खरी असू शकते. पण कौतुकाच्या लेखातल्या उणिवा तो तेवढ्याच कसून शोधत नाही.

त्यात चाहत्याची स्वतःची ओळख टीमशी जोडलेली असते. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये दाखवून दिलं की विद्यापीठाची टीम जिंकली की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात. टीम जिंकली तर ते 'आपण जिंकलो' म्हणतात आणि हरली तर 'ते हरले' म्हणण्याकडे झुकतात. रेड सॉक्सवरची टीका वाचताना, आपल्या आजोबांबरोबर फेनवेच्या हिरव्या भिंतीखाली बसलेल्या माणसाला ती स्वतःच्या घरावर केलेली वाटते. तो परक्यासारखी वाचू शकत नाही, आणि त्याने तशी वाचावी अशी अपेक्षाही चुकीची आहे. प्रेम नसतं तर त्याने पेपर घेतलाच नसता.

खरा प्रश्न: सांगितलं कुणी?

मराठी पत्रकारितेत 'सूत्रांनी सांगितलं' हे वाक्य आपण रोज वाचतो. सूत्र म्हणजे नाव न छापण्याच्या अटीवर माहिती देणारी व्यक्ती. ती अट कधी कधी अत्यावश्यक असते. ज्युनियर कर्मचाऱ्याने नाव दिलं तर त्याची नोकरी जाईल. पण नाव झाकून बोलण्याची सोय सर्वांत जास्त वापरतात ती वरच्या खुर्चीतली माणसं, आणि दुसऱ्याच्या तोंडून आपल्या प्रतिस्पर्ध्याला मारायला. आपल्याकडे याला नथीतून तीर मारणं म्हणतात.

ऑक्टोबर 2005 मध्ये याचं ठळक उदाहरण घडलं. जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन हा चाहत्यांच्या गळ्यातला ताईत होता. जनरल मॅनेजर खेळाडू विकत घेतो, सौदे करतो. मैदानावरच्या मॅनेजरपेक्षा हे पद वेगळं. एपस्टीन बॉस्टनच्या परिसरात वाढलेला, 28 व्या वर्षी हे पद मिळालेला, आणि 2004 चं जेतेपद बांधणारा. त्याचा करार संपत आला होता आणि टीमचे अध्यक्ष लॅरी लुकिनो यांच्याशी त्याच्या वाटाघाटी चालू होत्या. 30 ऑक्टोबरला शॉनेसींचा स्तंभ आला. दोघांमधल्या कुरबुरी, एका फिसकटलेल्या सौद्यात एपस्टीनला वाचवण्यासाठी लुकिनोंनी दोष स्वतःवर घेतला होता ही गोष्ट, असं बरंच काही त्यात होतं. सगळा मजकूर अध्यक्षांच्या खोलीतून पाहिल्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी एपस्टीनने पद सोडलं. निर्णयामागे एवढं एकच कारण नव्हतं, पण जवळपास झालेला करार मोडला. तो दिवस हॅलोवीनचा. पत्रकारांना चुकवण्यासाठी तो गोरिलाचा पोशाख चढवून फेनवे पार्कमधून बाहेर पडला. जानेवारीत तो परत आला.

त्या स्तंभाची भाषा शॉनेसींच्या नेहमीच्या मानाने फार जहाल नव्हती. नुकसान झालं ते माहितीच्या झुकावामुळे. कडक भाषेचा लेख उघड असतो, वाचणाऱ्याला त्याचा पवित्रा दिसतो. सौम्य भाषेत, आतल्या गोटातल्या बारीकसारीक तपशिलांनी भरलेला लेख फसवू शकतो, कारण तो फक्त माहिती देतोय असं वाटतं. ते तपशील देणाऱ्याला त्यातून काय मिळणार होतं, हा प्रश्न वाचकाने विचारायला हवा. बॉस्टनच्या चाहत्यांनी त्या वेळी तो विचारला, आणि माझ्या मते बरोबरच विचारला.

पेपरही त्यांचा, टीमही त्यांची

2002 मध्ये हेन्री आणि भागीदारांनी रेड सॉक्स विकत घेतली तेव्हा न्यूयॉर्क टाइम्स कंपनीने त्यात सुमारे 17 टक्के हिस्सा घेतला. 2012 पर्यंत कंपनीने तो विकून टाकला. पण 2013 मध्ये हेन्रींनी 'ग्लोब'च 7 कोटी डॉलरला घेतला. तेव्हापासून रेड सॉक्सचा आणि रेड सॉक्सवर लिहिणाऱ्या पेपरचा मालक एकच आहे. सामने दाखवणाऱ्या एनईएसएन वाहिनीतही मोठी मालकी त्याच घरातली. शिकागोतही असं होतं; 'ट्रिब्यून'ची कंपनी 1981 पासून 2009 पर्यंत कब्ज टीमची मालक होती.

मालकाने संपादकाला फोन करायलाच हवा असं नाही. खाल्ल्या मिठाला जागणं हे न सांगताही होतं. 'ग्लोब' संबंधित लेखांत मालकीचा खुलासा छापतो, ते योग्य आहे, पण खुलाशाने संशय संपत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये मूकी बेट्स हा टीमचा सर्वोत्तम खेळाडू लॉस एंजेलिस डॉजर्सना दिला गेला आणि चाहत्यांचा संताप पैसे वाचवणाऱ्या मालकावर वळला. त्यानंतर शॉनेसींनी हेन्रींवर, त्यांच्या मौनावर, पत्रकारांपुढे न येण्यावर वारंवार लिहिलं, आणि तेही हेन्रींच्याच पेपरात. जे चाहते त्यांना वर्षानुवर्षं शिव्या देत होते त्यांना अचानक त्यांचं म्हणणं पटायला लागलं, हे मी जवळून पाहिलं आहे. शॉनेसींची लेखणी होती तशीच राहिली होती. तिचं टोक फक्त खेळाडूंकडून मालकाकडे फिरलं होतं.

बाल्टिमोरमध्येही 2023 मध्ये हेच दिसलं. तिथल्या ओरिओल्स टीमच्या स्वतःच्या वाहिनीवरचा समालोचक केव्हिन ब्राऊन याने जुलैमध्ये एका सामन्याआधी सांगितलं की टँपा बेच्या मैदानावर टीमची आधीच्या वर्षांतली कामगिरी वाईट होती आणि यंदा ती सुधारली. आकडे खरे होते, सूर कौतुकाचा होता. तरी त्याला काही काळ कामावरून दूर ठेवलं गेलं. बातमी फुटल्यावर चाहते मैदानात त्याच्या नावाने घोषणा देऊ लागले आणि इतर टीमचे समालोचकही त्याच्या बाजूने बोलले. ऑगस्टमध्ये तो परतला. चाहत्याला कटू सत्य नको असतं, असं जे म्हटलं जातं ते पूर्ण खरं नाही. त्याला ते कुणाविरुद्ध आहे यावर सगळं ठरतं.

आणि ईगन यांची दुसरी बाजू सांगायलाच हवी. विल्यम्सला छळणारे म्हणून बॉस्टनच्या आठवणीत राहिलेल्या याच माणसाने एप्रिल 1945 मध्ये आपल्या स्तंभातून शहरातल्या टीम्सना कृष्णवर्णीय खेळाडूंना संधी द्या म्हणून सुनावलं होतं. 16 एप्रिलला फेनवेवर तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी झाली, त्यांत जॅकी रॉबिन्सन होता. त्यामागे नगरसेवक इझाडोर मच्निक आणि 'पिट्सबर्ग कुरिअर'चे पत्रकार वेंडेल स्मिथ यांचा रेटा होता. रेड सॉक्सने कुणालाच घेतलं नाही. तेव्हा मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नसत; रॉबिन्सन 1947 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि इतिहास झाला. रेड सॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू पम्प्सी ग्रीन 1959 मध्ये उतरला, मेजर लीगच्या सगळ्या टीम्समध्ये शेवटी. विल्यम्सबाबत ईगन अन्यायाने वागले आणि या बाबतीत शहरातल्या बहुतेकांच्या पुढे होते. दोन्ही लेख एकाच तिखट शाईतले. एखाद्या लेखकावर फुली मारून ठेवली की असे लेखही वाचायचे राहून जातात.

मग वाचायचं कसं?

अलीकडचं उदाहरण घेऊ. 2025 च्या हंगामाच्या सुरुवातीलाच रेड सॉक्सने राफाएल डेव्हर्स या फलंदाजाला तिसऱ्या बेसवरच्या क्षेत्ररक्षणातून काढून फक्त फलंदाजी करायला सांगितलं होतं. मे महिन्यात पहिल्या बेसवरचा खेळाडू जखमी झाल्यावर त्याला आता तिथे खेळ असं सुचवलं गेलं. डेव्हर्सने नकार दिला आणि आपली नाराजी पत्रकारांसमोर बोलून दाखवली. हेन्री त्याला भेटायला कॅन्सस सिटीला गेले. 15 जूनला त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाठवलं गेलं, त्याचा 31 कोटी डॉलरहून मोठा करार असतानाही.

यातलं डेव्हर्सचं बोलणं त्याच्या स्वतःच्या तोंडचं आहे. ते छापलं म्हणून बातमीदारावर चिडण्यात अर्थ नाही. त्याने टेप रेकॉर्डर धरला, खेळाडू बोलला. सौद्यानंतर टीमच्या अधिकाऱ्यांनी नाव देऊन, समोर बसून आपली बाजू मांडली. ती त्यांची बाजू आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचावी. पण एखादा खेळाडू किंवा मॅनेजर गेल्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या स्वभावाबद्दल, घरच्या आयुष्याबद्दल, क्लबहाउसमधल्या वागण्याबद्दल निनावी वाक्यं यायला लागली, तर तिथे थांबायला हवं. जो गेला त्याला उत्तर द्यायला आता व्यासपीठ नसतं, आणि जो राहिला त्याला आपला निर्णय बरोबर ठरवायचा असतो. अशा वेळी लेखात दुसरी बाजू विचारलेली आहे का, माहिती देणारा निदान कोणत्या गोटातला हे सांगितलेलं आहे का, लेखकाने स्वतः पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती, हे तपासता येतं. चिकन-बिअरच्या बाबतीत पुढे लेस्टरने स्वतः मान्य केलं की कधीमधी बिअर प्यायली जायची, फक्त त्याचा बाऊ केला गेला. गोळ्यांच्या कुजबुजीमागे आपलं नाव घेऊन कुणीही उभं राहिलं नाही. फ्रँकोनाने नंतर आपल्या बॉस्टनमधल्या वर्षांवर पुस्तक काढलं तेव्हा सहलेखक म्हणून त्याने डॅन शॉनेसींनाच निवडलं.